चढता भाव, खालचा मळा

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी वॉयकोच्या अंगणावर उघडते. मार्चमधल्या एका सकाळी माझा नवरा एडविन कॉफीचा कप घेऊन त्या खिडकीशी उभा राहिला आणि तिथेच थिजला. कॉफी गार झाली तरी हलेना. याला काही झालं की काय म्हणून मी जवळ जाऊन बघते, तर वॉयकोच्या दारात नवाकोरा लाल ट्रॅक्टर. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

"घेतला त्याने," एडविन म्हणाला.

"दिसतंय मला."

"रोखीने."

"तुला रे काय ठाऊक?"

"दुसरं काय असणार? बिटकॉइन!" हा शब्द त्याने असा उच्चारला, की जणू वॉयकोने कुणाची बायको पळवून आणली होती.

वॉयको आणि एडविन हे पाळण्यापासूनचे दोस्त. वॉयकोने जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं, एडविनने दगडाच्या खाणीत घाम गाळला. आता दोघेही निवृत्त. संध्याकाळी चर्चच्या मागच्या पट्टीवर लोखंडी गोळे फेकण्याचा खेळ खेळतात आणि एकमेकांचा उद्धार करतात. बऱ्याच वर्षांपूर्वी वॉयकोच्या जावयाने त्याच्या डोक्यात हे बिटकॉइनचं खूळ भरवलं. तेव्हा ते कवडीमोल होतं. वॉयकोने थोडे पैसे टाकले, आणि एडविन पोट धरधरून हसला. "दिसत नाही, वाजत नाही, खिशात घालता येत नाही, हे कसलं रे नाणं? रविवारी चर्चच्या पेटीत काय टाकशील, हवा?"

पुढे भाव चढला. एडविन म्हणाला, "आता काय उपयोग? आता उशीर झाला." मग भाव कोसळला. "बघ! म्हणत नव्हतो मी?" परत चढला, आधीपेक्षाही वर. "आता तर फारच उशीर झाला." हा जप आमच्या घरात वर्षानुवर्षं चालला. उशीर झाला म्हणण्यातच माणूस किती काळ घालवू शकतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण त्या लाल ट्रॅक्टरने घात केला. त्या दिवसापासून एडविन सकाळी उठला की आधी फोनवर भाव बघायचा आणि मग दात घासायचा. भाव रोज चढत होता. बातम्यांत तेच, सेझानाच्या बाजारात तेच, न्हाव्याकडेही तेच. शेवटी एका दुपारी मी पोतित्साचं, म्हणजे आमच्या अक्रोड भरलेल्या गोड गुंडाळीचं, पीठ लाटत असताना तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, "मिलोय्का, खालचा मळा विकू या."

माझं लाटणं थांबलं.

खालचा मळा म्हणजे आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेला द्राक्षमळा. तांबडी माती, चहूकडे दगडी गडगा, आणि एडविनने स्वतः खाणीतून आणलेल्या दगडी खांबांवर चढवलेला मांडव. त्याच्या तेरानशिवाय, म्हणजे गडद लाल वाइनशिवाय, आमच्या घरात कधी जेवण झालेलं नाही.

"आणि पैशाचं काय करायचं?" मी विचारलं, जरी उत्तर मला माहीत होतं.

"सगळे त्यात टाकायचे. एकदाच. मग बघ तू."

"काय बघू?"

"माझे गुडघे बघ, मिलोय्का! त्या उतारावर मी अजून किती वर्षं चढउतार करणार? मुलगी तिकडे ऑस्ट्रियात. तिला वेलीचं टोक कुठलं नि मूळ कुठलं ते कळत नाही. मळा काही वाढत नाही. तो भाव बघ कसा वाढतोय!"

मी भांडले असते. पण एवढ्या वर्षांच्या संसारात एक गोष्ट शिकले आहे, की एडविनला अडवलं की तो हट्टाला पेटतो, आणि सोडला की आपोआप थंडावतो. शिवाय आमच्या गावातला मळा घेणार कोण? तरुण पोरं सगळी शहरात. तेव्हा मी पुन्हा लाटायला लागले आणि म्हणाले, "दे जाहिरात."

एवढं सोपं होईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. तो जरा हिरमुसलाच.

संध्याकाळी तो वॉयकोकडे गेला. मीही पोतित्साचे चार तुकडे द्यायचं निमित्त करून मागोमाग गेले. वॉयको ट्रॅक्टरचं चाक फडक्याने पुसत होता. स्वच्छच होतं ते.

"खरं सांग," एडविन म्हणाला, "आता या भावाला घेणं परवडतं का?"

वॉयकोने फडकं खांद्यावर टाकलं. "हे तू मला गेल्या वेळेला का नाही विचारलंस?"

"गेल्या वेळेला उशीर झाला होता."

"आणि आता?"

"आता त्याहून उशीर झालाय, म्हणून तर घाई आहे!"

वॉयको इतका हसला, की त्याला ट्रॅक्टरचा आधार घ्यावा लागला. मग तो गंभीर झाला. "हे बघ एडविन. मी घेतलं तेव्हा ती रानातली अळंबी होती. कुणी पाहिली नव्हती. विषारी असती तर फेकून दिली असती, गमावलं काय असतं? आता तीच अळंबी बाजारात मांडलीये. अळंबी तीच, चवही असेल तीच. पण आता तू तिचे पूर्ण पैसे मोजणार, आणि विषारी निघाली तर?"

"म्हणजे घेऊ नको?"

"असं मी म्हणालो नाही!" वॉयको घाईघाईने म्हणाला. "घेऊ नको म्हणालो आणि उद्या दुप्पट झालं, तर तू मला जन्मभर शिव्या देशील. घे म्हणालो आणि बुडालं, तर मिलोय्का मला याच ट्रॅक्टरखाली घालेल."

"घालेनच," मी म्हणाले.

"मग तू स्वतः का विकलंस?" एडविनने विचारलं. "चढत असताना?"

वॉयकोने खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी घातली. "सगळं नाही विकलं. पण भाव चढला की मला आनंद व्हायचा, आणि आनंद झाला की लगेच भीती वाटायची. रेल्वेत असतो तर म्हणालो असतो, गाडी झकास धावतेय पण ब्रेक कुणाच्या हातात आहे तेच कळत नाही. म्हणून थोडं उतरून घेतलं. यावर निदान बसता तरी येतं." त्याने सीटवर थाप मारली.

घरी येताना एडविन "अळंबी, अळंबी" असं पुटपुटत होता. तरी जाहिरात त्याने दिलीच. आणि माझा हिशोब साफ चुकला. आठवडा गेला नाही तोच फोन आला. ल्युब्ल्यानाहून एक मुलगी मळा बघायला येणार होती.

तिचं नाव झार्या. असेल तिशीची. आमच्या दारात उतरली ती बूट घालूनच, चिखलाचे, वापरलेले. ते पाहून मला ती आवडली आणि त्याच कारणाने धास्तीही वाटली. ही नुसती बघायला आलेली नव्हती.

"नमस्कार काकू. मळा खरंच विकायचाय ना?"

"ते यांना विचार," मी म्हणाले.

एडविनने घरून ठरवून ठेवलं होतं, की मळ्याचं कौतुक करून चांगली किंमत काढायची. पण एप्रिलचं ऊन पडलेलं, वेलींना नुकती कोवळी पानं फुटलेली. फाटकातून आत पाऊल टाकल्यावर त्याच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "ही तिसरी रांग जरा नाजूक आहे हं. हिला फार सोसत नाही."

"का?" झार्याने विचारलं.

"खाली खडक वर आलाय. पाणी टिकत नाही. पण घड असे लागतात ना हिला, छोटे, काळे, शाईसारखे..." आणि मग तो थांबेचना. बुर्या हा आमच्याकडचा झोंबरा वारा सुटला की कुठल्या कोपऱ्यात आडोसा मिळतो, छाटताना कुठला डोळा ठेवायचा, मांडवाखाली उन्हाळ्यात किती गार वाटतं. झार्या ऐकत होती, आणि मध्येच असं काही विचारत होती, की एडविनला डोकं खाजवावं लागत होतं. पाऊस कमी होत चाललाय तर नवीन वेली कुठल्या लावायच्या? या बाजूला गडग्यापाशी टाकी बसवली तर छपराचं पाणी इथवर येईल का? तिने त्यावर अभ्यास केलेला होता. टाकीचं एडविनला कधी सुचलंच नव्हतं. दोघे उतारावर चढले काय, उतरले काय, आणि त्याच्या गुडघ्यांचं नावही निघालं नाही.

मी वर जाऊन योता गरम केला. ऊन असो की थंडी, आंबट कोबी आणि घेवड्याचं हे सार आमच्याकडे पाहुण्याला मिळतंच. जेवायला बसताना झार्याने किंमत विचारली. एडविनने सांगितली, आणि सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला, की तिला दोनदा विचारावं लागलं.

"चालेल," ती म्हणाली. घासाघीस नाही, काही नाही. "फक्त थोडे दिवस द्या, काका. मला आधी नाणी विकावी लागतील."

"आजोबांची?" एडविनने सहानुभूतीने विचारलं. "जुनी सोन्याची का?"

"नाही हो. बिटकॉइन."

एडविनचा चमचा ताटलीत पडला. आणि मला हसू फुटलं. आधी मी ते दाबायचा प्रयत्न केला, पण नाकातून आवाज आला, मग खोकला, आणि मग मी टेबलावर डोकं ठेवून हसले. झार्या घाबरून एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे.

"काका, काय झालं?"

"अगं," मी डोळे पुसत म्हणाले, "तू जे विकून मळा घेणार आहेस ना, तेच घ्यायला हा मळा विकतोय!"

दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की जणू समोरच्याला आत्ताच वेड लागलंय.

"तू ते विकतेस?" एडविन ओरडला. "आत्ता? चढत असताना?"

"आणि तुम्ही हे विकताय?" ती खिडकीकडे हात करून म्हणाली. "फळत असताना?"

मी खिडकी उघडून वॉयकोला हाक मारली. हा तमाशा त्याने चुकवला असता तर मला आयुष्यभर ऐकवलं असतं. तो घरातल्या चपला घालूनच आला, सगळं ऐकलं, स्वतःच वाइन ओतून घेतली आणि पाय पसरून बसला. "चालू द्या," म्हणाला.

मग चांगलीच जुंपली. पण खरं सांगायचं तर ते भांडण नव्हतं. दोघांनाही मनापासून जाणून घ्यायचं होतं.

"माझे सगळे मित्र मला वेडी म्हणतात," झार्या म्हणाली. "म्हणतात, अजून वर जाईल, थांब. कदाचित जाईलही! मी नाही म्हणत नाही, काका. मी कॉलेजात असताना घेतलं, तेव्हा गंमत होती. आता रोज सकाळी डोळे उघडले की आधी तो आकडा. सगळे मला विचारतात, आता घेऊ का, आता परवडेल का? मला कळत नाही हो. कुणालाच कळत नाही. ज्याला कळतं म्हणतो त्याच्याकडे तर अजिबात बघू नका."

"पण चढतंय ना?"

"एकदा निम्म्याहून खाली आलं होतं. थोड्या महिन्यांत. मी आंघोळीच्या टबात बसून रडले होते, कपड्यांसकट. तुम्ही काय कराल तेव्हा?"

एडविनने मिशीवरून हात फिरवला. मग त्याने उलटा प्रश्न केला. "आणि जूनमध्ये गारा पडल्या तर? पंधरा मिनिटांत सगळा मळा झोडपून जातो. तू काय करशील?"

"रडेन."

"आणि मग?"

"मग काय करतात?"

"मग जखमांवर औषध फवारायचं. मोडलेल्या फांद्या काढायच्या. वर्ष गेलं म्हणायचं. वेल जिवंत असते ना, पुढच्या वर्षी येते."

"बघा," झार्या हळूच म्हणाली, "निदान करायला काहीतरी असतं. मला तिथे करायला काहीच नसतं. नुसतं बघत बसायचं."

वॉयकोने पेला खाली ठेवला. मग वॉयको म्हणाला, "एडविन, लेका, तू तर नुसतं बघतही बसणारा नाहीस. तू मला बघायला बसवशील. दिवसरात्र."

त्यावर सगळे हसले, एडविनसुद्धा. पण मी त्याला ओळखते. हसून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याला लाज नव्हती वाटली. त्याला एकदम मोकळं वाटलं होतं. तरी त्या नाण्याची हाव काही गेली नव्हती, आणि मला तेही पटत होतं. माणसाला आयुष्यात एकदा तरी खेळात उतरावंसं वाटतं. मी म्हणाले, "दोघांनी अर्धं अर्धं करायला काय हरकत आहे?"

"अर्धं काय?"

"सगळंच. मळा अर्धा तिचा, अर्धा आपला. तुला हात हवेत, तिला शिकवणारा हवा. आणि तिने पैसे देताना थोडासा भाग त्या नाण्यांत द्यावा. म्हणजे तुझी हौसही फिटेल."

"थोडासा म्हणजे किती?" एडविनने लगेच विचारलं.

"आपण दर वर्षी समुद्रावर जायचं म्हणतो आणि जात नाही, तेवढा. बुडाला तर या वर्षीही गेलो नाही असं समजू."

एडविनला ते कमी वाटलं. त्याने दोन समुद्र मागितले. मी एकावर ठाम राहिले. झार्या गालावर हात ठेवून आमची घासाघीस बघत होती आणि शेवटी म्हणाली, "काकू, माझ्या ओळखीच्या सगळ्या लोकांत हा हिशोब तुम्हीच सगळ्यात शहाणपणाने केलात."

"शहाणपण कसलं गं," मी म्हणाले. "मला रात्री झोप लागते, ती मोडायची नाहीये एवढंच."

कचेरीतले कागद उन्हाळ्यापर्यंत फिरत राहिले, पण झार्या त्यांच्यासाठी थांबली नाही. तिचं काम संगणकावरचं, कुठूनही होणारं. तिने वॉयकोच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. सकाळी ती संगणकापुढे आणि दुपारनंतर मळ्यात. पहिल्या महिन्यात तिच्या तळहातांना फोड आले, मानेची साल निघाली, आणि तिने तिसऱ्या रांगेतली एक चांगली फांदी छाटून टाकली. एडविनने टोपी जमिनीवर आपटली. मग टोपी उचलली आणि म्हणाला, "असू दे. मी पहिल्या वर्षी अख्खी रांग घालवली होती." खोटं बोलत होता. ती रांग मी घालवली होती.

जुलैत नाण्याचा भाव जोरात घसरला. एडविन एक दिवस जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फोन कपाटात, चादरींच्या खाली ठेवून दिला आणि टाकीसाठी खड्डा खणायला गेला. झार्याचेही काही पैसे तिकडेच राहिले होते. ती त्याच्या शेजारी कुदळ घेऊन उभी राहिली. "किती गेलं, काका?"

"माहीत नाही. बघितलं नाही."

"मीही नाही."

दोघे एवढे खूश होते, की वॉयकोला बिचाऱ्याला एकट्यालाच काळजी करावी लागली. सप्टेंबरमध्ये भाव परत वर आला, ते आम्हाला त्यानेच धावत येऊन सांगितलं. आमची काढणी चालली होती. एडविन मांडवाखाली करंडी धरून उभा होता. "बरं झालं," म्हणाला, "आता ही दुसरी करंडी धर."

त्या वर्षी गारा पडल्या नाहीत. शाईसारखे घड आले. नोव्हेंबरात आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे घरची वाइन विकायला आम्ही तळघराचं दार उघडलं, त्याची खूण म्हणून चौकात आयव्हीच्या वेलीची फांदी टांगली आणि आठ दिवस अंगणात बाकं मांडली. त्रिएस्तहून लोक आले, गोरित्साहून आले, आणि शनिवारी झार्याचे ल्युब्ल्यानाचे मित्रही आले. तेच, तिला वेडी म्हणणारे. प्रशुतचे, म्हणजे वाऱ्यावर सुकवलेल्या हॅमचे, गुलाबी काप आणि तेरान पुढ्यात आल्यावर तेही नरमले. त्यांच्यातला एक उंच मुलगा एडविनशेजारी बसला आणि विचारू लागला, "काका, तुमच्याकडेही बिटकॉइन आहे म्हणे. मग तुम्हाला काय वाटतं? एवढा चढलाय, आता घेण्यात काही अर्थ उरलाय का?"

मी कान टवकारले. वॉयकोने तर ॲकॉर्डियन वाजवायचं थांबवलं.

एडविनने वाइनचा घोट घेतला. "चढलेल्या भावाला मी घेतलं," तो म्हणाला. "खाली आला तेव्हा मी खड्डा खणत होतो, वर आला तेव्हा द्राक्षं काढत होतो. गेलं तर जेवायला कमी पडणार नाही, एवढंच घेतलं होतं. तेवढं घेणार असशील तर घे बाबा. त्याहून जास्तीचं मला विचारू नकोस, त्या वॉयकोला विचार. तो तर काहीच सांगत नाही."

"मी कशाला सांगू?" वॉयको ओरडला. "मला गाणं येतं तेवढं बस आहे!"

आणि त्याने पोल्का सुरू केला. तो उंच मुलगा झार्याला नाचायला घेऊन गेला. तो तिच्याशी नाचता नाचता तिच्या घट्टे पडलेल्या हातांबद्दल विचारत होता, आणि ती मोठ्या अभिमानाने ते त्याला दाखवत होती. एडविन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अरे, तुझे गुडघे," मी म्हणाले.

"राहू दे गुडघे. चल."

आम्ही नाचलो. त्याने माझ्या पायावर पाय दिला, मी त्याच्या. अंगणात सगळ्या गावाने ताल धरला होता, कुणीतरी बाकावर चढून गात होतं, आणि मला इतकं हसू येत होतं, की मला नीट श्वासही घेता येईना.